दोनची कूस

माझी आत्या खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तसंच म्हणणार. बत्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेली बाई आहे ती. थर्मामीटरवर दिसेल तेवढंच बोलते.

आणखी एक. हे रात्री घडलेलं नाही. बुधवारी, भर दुपारी दोन वाजता, डोक्यावर पंखा फिरत असताना घडलं.

माझे पप्पा तिथे होते. त्या दिवशी ते कोणाशी बोलले, हे त्यांना आजही माहीत नाही.

वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये आत्याला मुख्य सिस्टर म्हणून बोलावलं होतं. कारभार सुधारायचा होता. ती गेली तेव्हा सतरा माणसं भिंतीला पाठ लावून टीव्हीसमोर बसलेली असायची. टीव्ही बंद असला तरी. आत्याने पहिल्याच आठवड्यात खुर्च्या गोलात मांडल्या. तिथे राहणाऱ्या एका न्हावीकाकांच्या हातात पुन्हा कात्री-कंगवा दिला. दोन आज्यांना पत्ते खेळायला बसवलं, तर त्या कडाकडा भांडल्या. आत्या खूश. "भांडतायत ना? मग जिवंत आहेत," म्हणाली.

मागच्या बाजूला चार खाटांची एक खोली होती. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही, त्यांची. चौथ्या खाटेवर आमचे आजोबा. आत्या आणि पप्पा त्यांना आप्पा म्हणतात. लकव्याने त्यांची एक बाजू गेली होती आणि बोलणं तुटक झालं होतं.

आप्पांना तिथे आणायचा हट्ट आत्याचाच. आमच्या घरी आई-पप्पा दोघंही नोकरीला, आप्पा दिवसभर छताकडे बघत एकटे. तरीही त्यांना घराबाहेर ठेवल्याची खंत पप्पांच्या मनातून जाईना.

"ताई, पडून पडून अंगावर एक जखम दिसली ना, त्याच दिवशी आप्पांना घरी नेईन. मग मला काही सांगायचं नाही."

घरी नेलं तर ते किती दिवस काढतील, हे आत्याला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

तिथला नियम साधा. झोपून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची. बाराला डावी, दोनला उजवी, चारला पाठ. खाटेच्या पायथ्याशी तक्ता. वळवलं की सही.

आत्याने मलाही शिकवलं होतं. कातडी लाल दिसली की बोटाने दाबायची. बोट उचलल्यावर क्षणभर पांढरी पडली, तर देव पावला. पांढरी नाहीच पडली, तर जखम आतून सुरू झाली म्हणून समजायचं.

दुपारच्या पाळीला एक मावशी असायची. अशा ठिकाणी मदतनीस बाईला सगळे मावशीच म्हणतात, नाव कुणी विचारत नाही. ही सारखी घड्याळाकडे बघायची म्हणून आत्याने तिला घड्याळमावशी करून टाकलं. जरा लंगडायची. आणि दुपारी चादरींच्या खोलीत स्टुलावर बसून घोरायची.

एकदा आत्या एक वाजता तक्ता बघायला गेली.

दोनच्या रकान्यात सही झालेली होती... चारही खाटांवर.

आत्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाई न वळवताच सह्या ठोकते! पण आत्या लगेच ओरडणाऱ्यातली नाही. आधी पुरावा, मग आवाज.

दुसऱ्या दिवशी तिने आप्पांच्या डाव्या खांद्याखाली कागदाची एक चिठ्ठी सरकवली. वळवलं तरच ती सुटणार. मग लगेच, पावणेदोनला, खोलीसमोर खुर्ची टाकून बसली. खोलीला दार एकच. खिडक्यांना गज.

दोन वाजले. कुणी आलं नाही.

सव्वादोन. चादरींच्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं.

अडीचला आत्या उठली. आज ही बरी सापडली, असं म्हणत आत गेली.

आणि दारातच थांबली.

चौघंही... उजव्या कुशीवर होते.

गुडघ्यांच्या मध्ये उशा. पाठीशी चादरीची घट्ट वळकटी. इतकं नेटकं की आत्यालाही जमलं नसतं. चिठ्ठी चौघडी घालून आप्पांच्या पाण्याच्या पेल्याखाली ठेवलेली.

खोलीत पावडरीचा वास येत होता. अंगाला पावडर लावायला आत्याने पहिल्याच दिवशी बंदी घातली होती. डबा तर इमारतीतच नव्हता.

"आप्पा, कुणी वळवलं तुम्हाला?"

आप्पांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "मा...वशी."

"कोणती मावशी?"

"मावशी," ते पुन्हा म्हणाले, आणि हसले. लकव्यानंतर पहिल्यांदाच.

आत्याने घड्याळमावशीला गदागदा हलवून उठवलं. ही मला बनवते आहे, दुसरीकडून कुठूनतरी आत जाते, असाच तिला संशय. पण तक्ता पुढे धरल्याबरोबर बाई रडायलाच लागली.

"सिस्टर, आईशप्पथ सांगते, आठ महिने झाले, दोनला मी त्यांना हातसुद्धा लावलेला नाही. लागतच नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"थोरल्या मावशी करतात."

थोरल्या मावशी म्हणजे तिच्या आधीची बाई. बावीस वर्षं तिथे काम केलं. चष्म्याला दोरी, एप्रनच्या खिशात पावडरीचा डबा. हात लावल्याशिवाय सही नाही, हा त्यांचा खाक्या. एका दुपारी दोनला त्यांनी तीन खाटा केल्या आणि जरा टेकते म्हणून खुर्चीत बसल्या. त्या उठल्याच नाहीत.

"चार नंबर राहिला होता, सिस्टर. गडबडीत कुणीतरी त्याची खोटी सही करून टाकली. तेव्हा त्या खाटेवर जे आजोबा होते, त्यांना संध्याकाळपर्यंत कुणी हलवलंच नाही."

"आणि तू रोज खोटी सही करतेस?"

"रकाना रिकामा राहिला तर ऑफिसात बोलणी बसायची. पण भोगते ना मी!" तिने कंबर धरली. "सही केली की मग आडवं व्हायची सोय नाही. आडवी झाले की कूस बदलताच येत नाही. दगडासारखं पडून राहायचं. म्हणून तर बसून झोपते."

आत्याला भयंकर राग आला. कामचुकारपणावर भुताचं पांघरूण! तिने बाईला स्वयंपाकघराकडे लावलं आणि दोनची पाळी स्वतःच्या हातात घेतली.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. फक्त कधीकधी, ती आप्पांना वळवायला वाकली, की उशी आधीच काढून हाताशी ठेवलेली असायची...

आपणच ठेवली असेल, असं ती स्वतःला सांगायची. पण मान वळवून एकदा दाराकडे बघून घ्यायची.

मग तो बुधवार आला.

दीडला पप्पांचा फोन. "ताई, दोनला येतोय. तक्ता बघणार आहे आणि आप्पांची पाठही."

आत्या खोलीत होती. दोनला दहा मिनिटं कमी. तेवढ्यात हॉलमध्ये आरडाओरडा झाला. न्हावीकाकांना चक्कर आली होती. आत्याने हातातल्या तक्त्याकडे बघितलं. रकाना रिकामा, आणि पप्पा वाटेत.

पाच मिनिटांत येऊन वळवतेच, असं म्हणत तिने चारही सह्या केल्या.

बत्तीस वर्षांतल्या तिच्या पहिल्या खोट्या सह्या.

काकांना सावरण्यात चाळीस मिनिटं गेली. ती धावत परत आली. आता पप्पा आप्पांना उचलून नेणार, अशी तिची खात्रीच झाली होती.

पप्पा खाटेशी उभे होते. हसत.

"ताई, मी उगाच संशय घेत होतो गं. आप्पांच्या पाठीवर एक डाग नाही! आणि तुमच्या त्या मावशी काय हळुवार वळवतात. माझ्यासमोर केलं त्यांनी. कूस बदलून झाल्यावर 'झालं हो' म्हणाल्या, अगदी लहान मुलाला म्हणावं तसं."

"कोणत्या मावशी?"

"त्या गं, वयस्कर. चष्म्याला दोरी बांधलेल्या."

आत्याने खाटेचा गज धरला.

"काही बोलल्या?"

"तक्ता बघत होत्या. सही कोणाची म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीची..." पप्पा कौतुकाने म्हणाले, "तुझं नाव सांगितलं."

आप्पा तिथेच राहणार हे त्या दिवशी ठरलं. पप्पांनी पुन्हा विषय काढला नाही. आत्यानेही त्यांना काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या संध्याकाळी ती घरी येऊन डाव्या कुशीवर जरा पडली.

उठायला गेली, तर... अंग तिचं राहिलंच नव्हतं.

डोळे उघडे, समोर भिंत, भिंतीवरचं घड्याळ. बोटसुद्धा हलेना. खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, ते ऐकू येत होतं. हाक मारता येत नव्हती. आप्पांना दिवसभर कसं वाटतं ते तेव्हा मला कळलं, असं ती म्हणते.

बरोबर दोन तासांनी पावडरीचा वास आला.

एक हात खांद्यावर. एक कमरेवर. गार, सराईत.

"झालं हो..."

आता आत्या खोटी सही करत नाही. चादरीची घडी नीट झाली की मगच पेन उघडते. तरी ती अजून खुर्चीत बसूनच झोपते. मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. म्हटलं, आत्या, आता तर महिने झाले, आडवी हो की.

"चार सह्या होत्या," ती म्हणाली. "वळवून एकदाच झालंय. तीन अजून बाकी आहेत."

मग तिने डावा पाय माझ्यापुढे केला. घोट्याच्या हाडावर एक लाल डाग होता. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या पायावर.

"तू दाबून बघ. मला बघवत नाही."

मी दाबला. बोट उचललं. दोघी बघत राहिलो.

तो पांढरा पडला नाही.