सुझूच्या शेजारची जागा

वजन

जुना कॅमेरा हातात घेतला तर काही घेतल्यासारखं वाटत नाही. नवा घेतला की योशिए निवाचं उजवं मनगट लगेच कुरकुरायला लागतं. जुना म्हणजे नवशिक्यांसाठी काढलेलं मिररलेसचं स्वस्त मॉडेल. रुपेरी, प्लास्टिकचा, पकडीचं रबर निघालेलं आणि पुन्हा चिकटवलेलं. नवा काळा, धातूचा, पावसाला न भिणारा. त्याची माहितीपुस्तिका तिची अजून अर्धीही वाचून झाली नव्हती. चार पानं उलटली की डोळे मिटायला लागत.

गावात आता तिचा एकच स्टुडिओ उरला होता. बाळाच्या बारशाचे फोटो येईनासे झाले होते, म्हाताऱ्यांचे तेवढे येत. शाळेचं काम मात्र दर नोव्हेंबरला असायचं. सहावी संपवून मुलं बाहेर पडतात, त्यांचा निरोपाचा अल्बम. नव्या यंत्रावर पहिल्या मोसमात विसंबायचं नाही, ही सासऱ्यांची शिकवण. म्हणून यंदा प्रत्येक फोटो ती दोनदा काढत होती, आधी जुन्याने, मग नव्याने.

वर्गात मुलं सात. त्यातला इओरी ओगुरा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत आलाच नव्हता. आजारी नव्हता, नुसता यायचा नाही. फोटोच्या दिवशी जो गैरहजर, त्याचा चेहरा नंतर वेगळा काढायचा आणि रांगेच्या वर उजव्या कोपऱ्यात एका गोलात बसवायचा, अशी रीत. बाकी सगळा वर्ग लोक विसरतात. गोलातला लक्षात राहतो.

चेहरा ओळखणे

जुना: एकच चौकट, तीही आपण सरकवून चेहऱ्यावर बसवायची.
नवा: समोर जितके चेहरे, तितक्या चौकटी. आपोआप.

व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर मुलं उंचीप्रमाणे उभी राहिली. समुद्रावरून वारा येत होता. सुझू आणि दाइगो यांच्यामध्ये एका माणसाची फट राहिली होती.

"जवळ सरका रे," योशिए म्हणाली.

सरकली. तिने कॅमेऱ्याला डोळा लावेपर्यंत फट पुन्हा तेवढीच.

"दाइगो, सरक म्हटलं ना?"

"सरकलो की, मावशी! कॅमेरा नवा घेतलात, आता डोळेही घ्या."

सगळी खिदळली. वर्गाचे उसामी सर त्याला दटावल्यासारखं करून स्वतःच हसले. सुझू तेवढी हसली नाही. "इथं इओरी उभा राहतो," ती म्हणाली. "सवय झालीय."

जुन्याने फोटो निघाला. मग योशिएने नवा उचलला. पडद्यावर पांढऱ्या बारीक चौकटी उगवल्या आणि एकेका चेहऱ्यावर जाऊन बसल्या. सहा. आणि आणखी एक, फटीमध्ये, दाइगोच्या कानाच्या उंचीवर. मागे व्यायामशाळेचं करडं दार होतं. त्यावर चित्र नव्हतं, डाग नव्हता.

तिने कॅमेरा बंद करून चालू केला. चौकट गेली, आली. मग लहान झाली. चेहरा सापडला की हा कॅमेरा डोळा शोधतो, एवढं पुस्तिकेतलं तिला आठवत होतं.

चौकट स्थिरावली.

कुठूनतरी सोललेल्या संत्र्याचा वास आला. कोणाच्याच हातात संत्रं नव्हतं.

स्टुडिओत परतल्यावर तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. जुन्याचा स्वच्छ आला होता, फक्त दाइगोचे डोळे मिटलेले. नव्याचा बिघडला होता. सहाही चेहरे किंचित धूसर, सगळी मुलं जणू पाऊलभर मागे उभी असावीत. फोकस पडला होता तो एकाच जागी, सुझूच्या पांढऱ्या बाहीवर, फटीच्या बाजूला. बाहीवर पिवळट डाग होता, चार बोटं टेकल्यासारखा.

जुन्या फोटोत बाही कोरी होती.

जवळून काढलेले फोटो

गोलासाठी इओरीचा फोटो काढायला ती ओगुरांच्या घरी गेली तेव्हा दुपार होती. इओरीची आई चिगुसा मासळीच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. अंगाला अजून बर्फाचा आणि बांगड्याचा वास. तिने चहा ठेवला आणि स्वतः न पिता समोर बसून राहिली.

"वर आहे. हाक मारली तर ओ देतो, पण खाली येत नाही," ती म्हणाली. "आधी भांडायचे. मग रडायचे. आता जेवण दाराशी ठेवते आणि कामावर जाते. दमले हो, निवाबाई."

"फोटो दोन मिनिटांचं काम आहे."

"गोलात घालणार ना त्याला?"

योशिएने चहाचा घोट घेतला.

"माझ्या भावाला घातलं होतं," चिगुसा म्हणाली. "त्याला गोवर आला होता, बास एवढंच. चाळिशी उलटली तरी गावात 'गोलातला' म्हणूनच ओळखतात. मला दुसरं काही नको. शाळेत नाही तर नाही, फोटोत तरी माझं पोर रांगेत उभं राहू दे."

वरच्या खोलीत इओरी उशीवर मांडी घालून बसला होता. शांत, नीटनेटका मुलगा. संत्रं सोलत होता, साल न तोडता, एकाच लांब फितीत. जुन्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो चटकन निघाला.

मग नवा. चौकट आली नाही.

लेन्स पुढे मागे घरघरत राहिली. योशिए एक पाऊल पुढे गेली, मग खिडकीच्या बाजूने. दारात उभ्या चिगुसाच्या चेहऱ्यावर चौकट बसली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या नटीच्या चेहऱ्यावरही बसली. मधे बसलेल्या मुलावरून कॅमेरा खिडकीच्या काचेवरून सरकावा तसा सरकत होता.

"यात नाही येणार," इओरी म्हणाला.

"का रे?"

तो खांदे उडवून फोड खाऊ लागला. ती संपवून म्हणाला, "सुझू चिडली का? माझे हात चिकट होते."

योशिएने कॅमेऱ्यावर झाकण लावलं. ते पहिल्या खेपेला नीट बसलं नाही.

मागचा पडदा

जुना: लहान, उन्हात काही दिसत नाही.
नवा: मोठा, स्वच्छ, बाहेर ओढून वळवता येतो.

खाली उतरल्यावर चिगुसाने रांगेचा फोटो बघायला मागितला. योशिएने नव्याचा पडदा तिच्याकडे वळवला. दाखवायचा होता जुन्यातला, पण हाताला नवाच आला.

चिगुसाने पडदा दोन्ही हातांनी धरला. तिचा चेहरा सैल पडला, खूप वेळ उचललेलं ओझं खाली ठेवावं तसा.

"आलाय की," ती म्हणाली. "केस कापायला झालेत बघा."

"चिगुसाताई, तिथं कोणी नाहीये."

"तुम्हाला नसेल दिसत." ती हसत होती. "हाच द्या अल्बममध्ये. मी पाया पडते तुमच्या."

"हा धूसर आलाय. सर परत काढायला सांगतायत."

"मग परत काढाल तेव्हा एक करा. त्याची जागा मोकळी ठेवायला सांगा पोरांना. मुद्दाम. तुमचं काय जातंय?"

योशिएने पडदा मिटून कॅमेरा पिशवीत टाकला. मनगट ठणकत होतं, घरी जायचं होतं. ती बरं म्हणाली.

बॅटरी

जुना: थंडीत दगा देतो.
नवा: दिवसभर चालतो.

दुसऱ्या खेपेला बर्फाची भुरभुर होती. जुन्याने एकदा डोळा उघडला आणि तो मेला. बॅटरी काखेत धरून ऊब दिली, तरी नाही.

"फट ठेवायची?" उसामी सर तिला बाजूला घेऊन म्हणाले. "अहो, गैरहजर मुलासाठी जागा कोणी सोडतं का?"

"त्याच्या आईची इच्छा आहे. गोल नको म्हणते."

सरांनी खांद्यावरचं बर्फ झटकलं. तेही दमलेले होते. दर आठवड्याला ओगुरांच्या दाराशी जाऊन परतत होते. "ठेवा," ते म्हणाले.

"सुझू, दाइगो, मधे जागा सोडा. इओरीची."

दाइगोने वाकून, हॉटेलातल्या वेटरसारखा हात करून जागा दाखवली. "या, साहेब, बसा!" मुलं हसली. सुझू जागेवरून अर्धं पाऊल सरकली आणि उगाच आपली बाही झटकू लागली.

पडद्यावर चौकटी आल्या. योशिएने घाईघाईने मोजल्या. मुलं सहा, चौकटी सहा. तिला हायसं वाटलं. कॅमेरा नवा होता, त्या दिवशी काहीतरी गडबडला असेल. तिने बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं.

घरी येऊन बघितलं तर सगळे डोळे उघडे, सगळं टवटवीत. मधे नुसती जागा. गोल न टाकता तिने तोच फोटो छापखान्याला पाठवला आणि गरम पाण्यात हात बुडवून बसली.

निष्कर्ष

उसामी सरांचा फोन आला तेव्हा ती नव्याची पुस्तिका पुढ्यात घेऊन पेंगत होती.

"निवाबाई, इओरी आला! आज सकाळी आपला आपण चालत आला, दप्तर घेऊन. आई फाटकाशी रडत उभी होती. दाइगोने तर त्याला उचलूनच घेतलं."

"अरे वा," योशिए म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं.

"सगळा वर्ग एकत्र, म्हटलं आता होईल. तर आज नेमकी सुझू नाही आली. आई म्हणते, ताप नाही, काही नाही. उठायचंच नाही म्हणते. संत्री खात बसलीय."

फोन ठेवून योशिएने नवा कॅमेरा चालू केला. काढलेल्या फोटोवर चौकटी पुन्हा दाखवता येतात, हे ती आत्ताच वाचत होती. तिने बटण दाबलं.

सहा चौकटी. एक दाइगोवर. एक मधल्या रिकाम्या जागेत. बाकीच्या बाकीच्यांवर.

सुझू कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर चौकट नव्हती.

योशिएने छापखान्याला फोन लावला. अल्बम बांधून तयार होते. तरी तिला घरी बसवेना. नवा कॅमेरा कपाटात कोंबून, जुन्याची बॅटरी भरून, ती तशीच सुझूच्या घरी गेली. काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. निदान मुलगी जुन्यात दिसते का, एवढं तरी बघायचं होतं.

दिसली. लहानशा पडद्यावर, उशीवर मांडी घालून बसलेली, गाल लाल, केस नीट विंचरलेले. योशिएने चौकट हाताने सरकवून चेहऱ्यावर बसवली आणि फोटो काढला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सुझू, उद्या शाळेत जा हं, बाळा."

सुझूच्या हातातून संत्र्याची साल उतरत होती, न तुटता, एकाच लांब फितीत.

"माझी जागा भरली ना तिथं," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मग तिने योशिएच्या पिशवीकडे मान वाकडी करून पाहिलं.

"मावशी, तो काळा नाही आणलात? पुढच्या वेळी आणा. दाइगोला म्हणावं, थोडा सरक."