थोरल्याच्या पाट्या

भिजवलेल्या हरभऱ्याच्या चंदीची बादली घेऊन घोड्यांचा मोतद्दार पागेत शिरला तेव्हा दुपारचे चारच वाजले होते, पण धुकं असं दाटलं होतं की आतली घोडी दिसायच्या आधी तिचा वासच आला.

पागेत ती एकटीच उरली होती. तो तिला आक्का म्हणायचा. अठरा वर्षं शेजारच्या ठाणात राहिलेला काळा घोडा, थोरला, तीन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला. तेव्हापासून आक्काने खाणं जवळजवळ टाकलं होतं. असंच चाललं तर हिवाळा निघायचा नाही, असं सांगून जनावरांचे डॉक्टर निघून गेले होते. थोरल्याचं ठाण मोतद्दार अजूनही झाडायचा, नवं गवत पसरायचा. भिंतीवर टांगलेल्या त्याच्या तीन पाट्या काढायला मात्र हात धजत नव्हता.

दोघांच्याही ठाणात तीन-तीन पाट्या होत्या, आणि त्या मोतद्दारानेच त्यांना शिकवल्या होत्या. आडवी रेघ म्हणजे पाठीवर झूल घाल, उभी रेघ म्हणजे काढ, आणि कोरी म्हणजे आहे तसं राहू दे. घोड्याने नाकाने पाटी ढकलायची, त्याने तसं करायचं. पंधरा दिवसांत दोघंही शिकली. गार वारा सुटला की आडवी, ऊन तापलं की उभी; कधी चुकली नाहीत.

"माझ्या मनातलं ओळखायला तुम्हाला तीस वर्षं लागली," बायको म्हणायची, "मलाही आणा तीन पाट्या."

"तुला दोनच पुरतील. आहे तसं तू कधी राहू दिलंयस?"

त्या दुपारी आक्काने आपली आडवी पाटी ढकलली. ठक. त्याने झूल घातली, पट्टा आवळला. तिने पुन्हा तीच ढकलली. "घातली की गं," म्हणत त्याने दुसरी झूल वर टाकली. तिने लगेच उभी ढकलली. त्याने दुसरी काढली. मग पुन्हा आडवी... आणि मान वळवून, कान टवकारून, ती शेजारच्या रिकाम्या ठाणाकडे बघत राहिली.

चहाला बोलवायला आलेली बायको दारातच थांबली होती.

"ती स्वतःसाठी मागत नाहीये..." ती हळूच म्हणाली.

"मग कुणासाठी?"

तिने रिकाम्या ठाणाकडे नजर वळवली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण आक्काचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. झूल घेऊन तो थोरल्याच्या ठाणात गेला. दोन्ही हात आपोआप जुन्या उंचीपर्यंत गेले. त्याने झूल सोडली. ती गवतावर पडली, पण पडायला हवी त्याहून जरा उशिराने, असं बायकोला वाटलं. हे तिने त्याला पुढे बरेच दिवस सांगितलं नाही.

आक्काने कोरी पाटी ढकलली, बादलीत तोंड घातलं आणि तळ चाटूनपुसून साफ केला.

मग रोजचंच झालं. संध्याकाळी दोन झुली घालायच्या, सकाळी दोन्ही काढायच्या. आक्काच्या बरगड्या झाकल्या, आयाळीवर तकाकी आली. नवराबायको याबद्दल एकमेकांशी बोलत नसत.

हिवाळा सरता सरता एका सकाळी नालबंद आला. बायको आक्काला धरून अंगणात उभी राहिली. धुवायला न्यावी म्हणून मोतद्दार थोरल्याची झूल आणायला आत गेला. तो वाकला, आणि मागे आवाज झाला.

ठक.

बाहेर नालबंदाची कानस चालू होती. बायको आक्काला "उभी राहा गं बाई" म्हणत होती. आत दुसरं जनावर नव्हतं.

तो सावकाश वळला. थोरल्याच्या भिंतीवरच्या दोन पाट्या स्तब्ध होत्या. कोरी पाटी झुलत होती.

"बरं... राहू दे," तो म्हणाला. झूल त्याने होती तशी ठेवली, एक सुरकुती तेवढी हाताने सारखी केली. तेव्हा त्याला खालचं गवत दिसलं. एखादं मोठं अंग रात्रभर टेकून नुकतंच उठावं, तसं ते लांबरुंद दबलं होतं.

त्याने तळहात टेकवून पाहिला. गवत ऊबदार होतं.