चवड्यावरचा डाग

"माहा नवरा कोनं मारला, तेवढं मले सांगा," ललिता तायडे म्हणाली आणि तिनं चार फोटो खुशालरावांच्या टेबलावर ठेवले.

१९६२ सालचा मार्च होता. अकोल्यात ऊन तापायला लागलं होतं. खुशालराव इंगोल्यांची उभी नोकरी पोलिसांच्या ठसे विभागात गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर ते खाजगी तपासाची कामं घेत. शेजारचे निवृत्त मास्तर नत्थुजी बहुतेक वेळ त्यांच्याकडेच असत.

चारही फोटो उजव्या तळपायाचे होते, मोठे करून काढलेले. चवड्यावर चिंचोक्याएवढा काळा डाग, आणि शेजारी मापाची कागदी पट्टी.

"पयला डाक्टर ठोसरनं अमरावतीले काढला अन् त्याची प्रत आमाले देल्ली," ललिता सांगू लागली. "बाकीचे तीन इथंच, अन्सारच्या स्टुडिओत. काई महिने गेले का फोटो काढाचा, एक प्रत घरी ठेवाची अन् दुसरी डाकेनं अमरावतीले धाडाची. दर खेपेले डाक्टरचं कार्ड ये, डाग तेवढाच हाय, भिऊ नका. मंग जांघेत गाठ आली. मीच त्यायले अमरावतीले नेलं. डाक्टरनं पाय पायला अन् खालीच बसला. डाग पार बोटायपर्यंत गेला होता."

"घरी तुम्हाला कधी दिसला नाही?"

"पट्टी राये पायाले. डाक्टरनं झाकाले सांगतलं, असं ते म्हनत."

तिचा नवरा देवमन एस. टी.त ड्रायव्हर होता. महिन्यापूर्वी तो गेला. त्वचेचा कॅन्सर.

"फोटो काढायला एकटे जात?"

"नाई. धाकटा भाऊ हाय त्यायचा, श्रावण. हिवरखेडले लोकायच्या शेतात राबते. दर खेपेले तो येऊन संगं जाये."

ती गेल्यावर नत्थुजी म्हणाले, "सोपं आहे. फोटोवाल्यानं एकच फोटो तीनदा छापून दिला."

खुशालरावांनी चारही फोटोंवरून भिंग फिरवलं. "पहिल्या फोटोत कातडी पाण्यासारखी नितळ दिसते, नत्थुजी. पुढच्या तिन्हींत ती चकाकते."

"मग?"

"मग अमरावतीला जाऊ."

डॉ. ठोसर थकलेले दिसत होते. त्यांनी आपलं भिंगाचं यंत्र दाखवलं. "डागावर तेलाचा थेंब टाकायचा. वरची चकाकी मरते, आतला रंग दिसतो. मग फोटो घ्यायचा आणि पुढच्या फोटोशी ताडून पाहायचा. कापाकापी नाही."

"तुकडा काढून का नाही तपासला?"

"काळ्या डागाला सुरी लावली की तो भडकतो, असं आम्हाला शिकवलं गेलं." ते थांबले. "मी देवमनना स्पष्ट सांगितलं होतं, डाग वाढला तर मुंबई. तिथे बहुधा गुडघ्याखाली पाय कापतील."

"पट्टी बांधायला सांगितलं होतं?"

"छे! उघडा ठेवा, घरच्यांना रोज पाहायला सांगा, असं म्हणालो होतो."

"आणि तेल?"

"तेही सांगितलं होतं. पुढच्या फोटोंत तेल नव्हतं, ते मला दिसलं. पण डाग जशास तसा होता. मी कागद पाहत राहिलो. पाय पाहायला बोलवायला हवं होतं." त्यांनी यंत्रावर फडकं टाकलं.

अकोल्याला परतल्यावर अन्सारनं तिन्ही फोटोंच्या निगेटिव्हच्या काचा काढून दाखवल्या. प्रत्येकीत मापाची पट्टी थोडी वेगळी पडली होती. म्हणजे फोटो तीन वेळा, वेगवेगळेच काढलेले होते. नत्थुजींचा चेहरा पडला.

"देवमनना आधीपासून ओळखत होता?" खुशालरावांनी विचारलं.

"नाई साब. आले, देवमन तायडे असं नाव सांगतलं, बसले."

"तेल लावलं नाही?"

"मैंने निकाला था. ते म्हणे, नको. पायाले हातही लावू देत नव्हते. चवड्याच्या कडेनं भेगा, त्यात काळी माती. धुऊन घ्या म्हटलं, तं तेही नाई."

"एकटेच येत?"

"इथं एकटेच. समोरच्या हॉटेलात एक खाकी कपड्यातले बसून राहत. काम झालं की हे त्यांच्याकडे जात."

बाहेर पडल्यावर नत्थुजी म्हणाले, "ड्रायव्हर दिवसभर बुटात असतो. त्याच्या पायाला शेतातली माती कशी?"

"आता बरोबर विचारलंत," खुशालराव म्हणाले. पण त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते ललिताच्या खोलीवर गेले. त्यांच्या निरोपावरून श्रावण हिवरखेडहून आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता.

"बोटांसारख्या रेषा तळपायालाही असतात," खुशालराव म्हणाले. "माझा जन्म त्या वाचण्यात गेला. पहिल्या फोटोतल्या रेषा एका माणसाच्या आहेत. पुढच्या तिन्हींतल्या दुसऱ्याच. त्या पायावरचा डाग काजळाचा. तेलानं तो पसरला असता, धुतल्यानं गेला असता, म्हणून तेल नको, धुणं नको. तो माणूस काळ्या मातीत राबणारा आहे. अन्सारनं देवमनना पाहिलेलं नव्हतं, म्हणून हे निभलं. श्रावण, उजवा पाय दाखवता?"

श्रावणनं पाय मागे ओढला.

"म्हणजे यानंच!" नत्थुजी ओरडले. "सख्ख्या भावाला..."

"थांबा, नत्थुजी. पायाला पट्टी बांधायचं खोटं कोण बोललं? डॉक्टरांनी तर पाय उघडा ठेवायला सांगितलं होतं. आणि समोरच्या हॉटेलात खाकी कपड्यात कोण बसे?"

"खाकी तं त्यायचीच," ललिता म्हणाली.

श्रावण खाली बसला. "वयनी, दादानंच काढला डाग. पयला फोटो म्होरं ठेवून, काडीनं. म्हने, गावात आपला बाप लोकायच्या बांधावर राबला. आता मी गाडी घेऊन गावात शिरतो, तं तेच लोक हात दाखवून थांबवतात. पाय गेला तं पुन्हा तोच बांध. अन् लंगड्याले तिथंबी कोन ठेवीन? मले शपथ घातली त्यानं. मी म्हनलं, म्होरच्या खेपेले खरं सांगू. म्होरच्या खेपेलेबी तेच म्हनलं."

"डाग वाढून राहिला, हे त्यायले माहीत होतं?" ललितानं विचारलं.

"रोज पाये तो."

"कार्ड आलं का पेढे आनत," ती म्हणाली. "माह्या हातावर ठेवत. मी बुद्धापुढं मेनबत्ती लावत जाये." मग ती खुशालरावांकडे वळली. "डाक्टर गुन्हेगार निघाला असता तं बरं होतं. फोटोवाला निघाला असता तरी चाललं असतं. मी जाऊन त्याच्या दारात वरडली असती. आता कोनाच्या दारात जाऊ?"

खुशालरावांनी चारही फोटो तिच्याजवळ ठेवले. तिनं ते उचलले नाहीत.

रस्त्यावर आल्यावर नत्थुजींनी हळूच विचारलं, "तिला न सांगता चाललं नसतं का हो?"

"तिनं विचारलं होतं," खुशालराव म्हणाले.

इकडे श्रावण खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसला होता. ललितानं त्याला आत ये म्हटलं नाही, की जा म्हटलं नाही.