सात नंबरचा निळा दिवा

कोणाला पटावं म्हणून लिहीत नाही. माझ्या भाच्याच्या, प्रशांतच्या बाबतीत हे खरंच घडलं. भिलाईत. मागच्या मे महिन्यात, रविवारी, भर दुपारी तीन वाजता.

प्रशांत हुडको वसाहतीतल्या घरी बसून रुआबांधा भागातल्या एका खाजगी दवाखान्याचे सर्व्हर सांभाळतो. चालू करणं, बंद करणं, अपडेट, सगळं लॅपटॉपवरून.

तिथे सर्व्हरच्या खोलीत देखरेखीला शेषराव असायचे.

दोघांची एक रीत होती. जो सर्व्हर बंद करायचा, त्याच्यावरचा निळा दिवा प्रशांत घरून लावायचा. शेषराव समोर जाऊन सर्व्हरवर चिकटवलेली नंबराची चिठ्ठी वाचायचे आणि बटण दाबून दिवा विझवायचे. म्हणजे, मी इथे आहे, हाच तो.

एप्रिलमध्ये शेषराव वारले. प्रशांत रडला नाही. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. खोलीला कुलूप लागलं, किल्ली प्रशांतच्या खिशात.

त्या रविवारी वरून हुकूम आला. सात नंबर रिकामा आहे, कायमचा बंद करा.

हाताच्या सवयीने त्याने सातवर दिवा लावला.

आणि थांबला...

"कोणाची वाट पाहून राहिले?" बायको अपेक्षा म्हणाली. "चहावर साय आली."

सातचा दिवा तसाच होता.

मग स्क्रीनवर... नऊ नंबरचा लागला. आपोआप.

आणि विझला.

प्रशांतने दवाखान्याच्या गार्डला, चंदनला, फोन लावला.

"कुलूप तसंच हाय भाऊ. काचेतून दिसून राहिलं, अंदर कोणीच नाही."

"नऊवर दिवा आहे?"

"होता ना... मघाशी लागला, मंग बुझला. तुम्हीच करून राहिले ना?"

प्रशांतने फोन ठेवला. नऊ उघडून पाहिला. रिकामा. सात उघडला... दवाखान्यातल्या प्रत्येक रोग्याचे कागद त्यात होते. कोणाचं रक्त कोणतं, कोणाचं ऑपरेशन उद्या. हुकुमातला नंबरच चुकला होता.

त्याने सातचा दिवा घरूनच विझवला आणि नऊ बंद केला. चहा पिऊन टाकला. त्याला काहीच वाटलं नाही.

सोमवारी तो नऊची वायर काढायला गेला. लॅपटॉप घरीच, बंद.

वायर काढली.

खोलीत पंख्यांची घरघर. बाकी काही नाही.

आणि समोर सातचा दिवा लागला...

प्रशांतने चिठ्ठी वाचली. बटण दाबलं. दिवा विझला.

बाहेर येऊन कुलूप लावताना त्याच्या ध्यानात आलं.

दिवा नेहमी दुरून लावतात.

सर्व्हरच्या नोंदीत सोमवारची वेळ आहे, बारा वाजून चार. लावणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी आहे.

"मामा," तो मला म्हणाला, "बटण दाबलं म्हणजे मी इथं हाओ, हे दिवा लावणाऱ्याले समजलं ना? दाबाले नको होतं का?"



किल्ली आता चंदनकडे असते. प्रशांत त्या खोलीत पाय ठेवत नाही.

सातचा दिवा त्या सोमवारीच पुन्हा लागला, तो अजून विझलेला नाही, असं चंदन सांगतो.