रश्मीची झोप

जाग आली तेव्हा रश्मीचं डोकं एका अनोळखी खांद्यावर होतं...

आदिलाबादच्या दवाखान्यातला बाक तो. ती दचकून सरळ बसली, ओढणी सावरली.

"माफ करा... मी — घोरली का?"

"थोडंसं," तो हसला. "मी उठणारच होतो. मंग म्हटलं, झोपू द्या."

तो हर्षदीप, नेरडीगोंड्याचा. वडलांच्या श्वासाच्या मशीनसाठी नवा मास्क न्यायला आला होता. रश्मी नार्नूरच्या शाळेत शिकवायची. रात्रभर झोपूनही फळ्यापाशी पेंगायची, अन् पोरं खुसखुसायची. डॉक्टरांनी बोटाला-छातीला यंत्र लावून तिची झोप तपासली होती. आज निकाल कळणार होता.

आत तिला बोलावलं. बाहेर आली ती डोळे भरूनच.

"काय म्हणले?"

"स्लीप ॲप्निया. झोपेत श्वास अडकते म्हणे. रोज मास्क लावून झोपायचं... मी नाई लावणार! उद्या लगन झालं, तर नवरा भिऊन पळून जाईन."

हर्षदीपनं पिशवीतून तो नवा मास्क काढला, नळीसकट नाकावर चढवला आणि भरल्या दवाखान्यात तिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

"कसा दिसून राह्यलो?"

"हत्ती!" रडता रडता ती खुदकन हसली.

"मंग? तुमी पळाल्या का?"

तिनंही तसलंच मशीन घरी नेलं. सुरुवातीला पट्टा रुतायचा, हवा फुसफुसायची. वैतागून ती हर्षदीपला फोन करायची; नंबर त्यानं दवाखान्यातच दिला होता. तो पट्टा कुठं ढिला करायचा ते समजावून सांगायचा. अन् एका सकाळी ती अशी उठली, जणू अंगावरचं ओझं कुणी उतरवून ठेवलं होतं. शाळेच्या बसमध्ये डोळा लागला नाही. सागाची झाडं, फुटलेला कापूस — रोजचाच रस्ता, पण तिनं तो आज पाहिला. लगेच हर्षदीपला सांगितलं. मग फोनला पट्ट्याचं निमित्त लागेनासं झालं.

हिवाळ्यात उटनूरच्या बसस्टँडवर दोघं चहा पीत होते. तो नुसताच कप फिरवत होता.

"बोला ना... काऊन गप्प?"

"घरी वायरिंग करून घेतली."

"बरं..."

"मशीनसाठी पलंगाच्या दोन्ही अंगाले प्लग बसवले." त्याची नजर कपातच. "तुमाले कोणत्या अंगाले झोपाले आवडते, मालूम नव्हतं..."

रश्मीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिची बस लागली होती. ती उठली नाही.

"खिडकीकडल्या," ती हळूच म्हणाली. "आता सकाळ पाहाले आवडते मले."