प्रवासी गैरहजर

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरचा मे महिना पाहिलेला नाही. इथं दुपारी दोन वाजता रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि एवढ्या लख्ख उजेडातही माणसाला धड काही दिसत नाही. अडुसष्ट सालच्या अशाच एका दुपारी सोनेगावच्या विमानतळावर प्रेमिला प्रवाशांचं वजन करत होती.

हो, वजन. प्रेमिलाच्या कंपनीकडं विमानं दोनच, दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, आणि भाडं सगळ्यांपेक्षा कमी. विमान नाजूक तब्येतीचं, म्हणून प्रवासी आला की त्याला सामानासकट काट्यावर उभं करायचं, काटा थांबला की आकडा यादीत लिहायचा आणि नावापुढं 'हजर' लिहायचं. बायका लाजायच्या. शेठलोक पोट आत ओढून घ्यायचे, जसं काही त्यानं वजन कमी भरणार होतं.

त्या दिवशी अकरा जणांची वजनं झाली. शेवटची बुटीबोरीची गोपिकाबाई. तिच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत छातीचं ऑपरेशन होतं. "पोरगी म्हणते, मा, तू आल्याबिगर मी आत जात नाही," असं ती भेटेल त्याला सांगत होती. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायला निघाली होती, ती एवढ्यासाठी.

विमान बाराचं. दीड वाजता सीताबर्डीच्या ऑफिसातून मॅनेजर मारोतरावांचा फोन आला.

"विमान मुंबईलेच उभं आहे. इंजिन खोलून ठेवलं. आज काही येत नाही."

"मग रद्द झालं म्हणून सांगते."

"रद्द हा शब्द तोंडातून काढायचा नाही! रद्द म्हटलं का जेवण द्या, रेल्वेनं पाठवा, सतरा भानगडी. तासाभरात येऊन राहिलं, असं म्हणायचं. कंटाळून उठून गेले का लिहून टाक, प्रवासी गैरहजर. मंग आपल्यावर काही नाही."

"लोक मला शिव्या देतात, साहेब."

"त्याच्यासाठीच तर ठेवलं तुले," मारोतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

प्रेमिलानं रिसीव्हर आपटला. 'तासाभरात' म्हणायचा हाच हुकूम तिनं मागच्या मे महिन्यातही ऐकला होता, आणि मुकाट्यानं पाळला होता. तेव्हा बाकावर कुहीचे रामाजी बसले होते. मुलगा मुंबईत गिरणीत होता, त्याच्यासाठी घरच्या चिन्नोर तांदळाचं गाठोडं मांडीवर धरून. दर तासाला विचारायचे, "बाई, अजून किती येळ?" आणि प्रेमिला सांगायची, "तासाभरात." बाहेर माठ होता, पण म्हातारा जागचा हलला नाही. पाणी प्यायला उतरलं की कुहीची एस.टी. सुटून जाते, तेव्हा विमानाचाही काय भरवसा, असा त्यांचा हिशेब. पाच वाजता हमाल चंद्रभाननं त्यांच्या खांद्याला हात लावला, तर त्या भट्टीसारख्या हॉलमध्ये अंग गार पडलेलं. मारोतराव स्वतः धावत आले. त्यांनी प्रेमिलाकडून 'हजर' खोडून घेतलं आणि 'प्रवासी गैरहजर' लिहून घेतलं. म्हातारा विमानतळावर आलाच नव्हता, मग कंपनीचा काय संबंध? प्रेमिलानं ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. नोकरी हवी होती. या गोष्टीची तिला वर्षभर शरम वाटत होती.

अडीच वाजले. वाळ्याचे ओले पडदे वाळून कडकडीत झाले होते. प्रवासी बाकांवर पेंगत होते. आणि त्या वाळ्याच्या वासातून हळूहळू दुसराच वास यायला लागला... शिजत असलेल्या चिन्नोर तांदळाचा, गोडसर. मैलभर आसपास चूल नव्हती.

"ताई," चंद्रभान अगदी हळू म्हणाला, "काट्याकडे पाहा."

काट्यावर कोणीही नव्हतं. सुई थरथरत वर चढली आणि बावन्नवर थांबली.

"वारा असेल."

"वाऱ्याले वजन असते का, ताई?"

पडदा तर तसूभरही हलत नव्हता. प्रेमिलाच्या मानेवरचा घाम थंड झाला. बावन्न. हा आकडा तिनंच लिहिला होता, मागच्या मे महिन्यात.

तेवढ्यात गोपिकाबाई जागी होऊन काउंटरपाशी आली. "मले खरं सांग वं बाई. पावणेचारची मेल आहे मुंबईची. आता निघाली तर भेटते. जाऊ का थांबू?"

"तासाभरात..." प्रेमिलाच्या तोंडून सवयीनं निघालं.

सुई ताडकन साठवर गेली. काट्याची पाटी करकरली, जसं कोणी तरी टाचा उंचावून, पुढं वाकून ऐकत होतं. गोपिकाबाईला काही दिसलं नाही. ती प्रेमिलाच्या तोंडाकडं पाहत होती.

प्रेमिला भ्याली. पण भीतीपेक्षा जास्त तिला संताप आला. मारोतरावांचा आला, आणि त्याहून स्वतःचा. ती स्टुलावर चढली आणि सगळा हॉल दणाणेल अशा आवाजात ओरडली, "उठा सगळे! विमान रद्द आहे. रद्द! दीड वाजल्यापासून मला माहीत आहे. कंपनी खोटं बोलली, मी पण बोलले. शिव्या नंतर द्या, आधी मेल पकडा!"

शिव्या त्यांनी चालता चालता दिल्या. चंद्रभाननं कंपनीची सामानाची गाडी विचारल्याशिवाय काढली आणि अकराही जणांना तिच्यात कोंबून स्टेशनकडं पिटाळली.

रिकाम्या हॉलमध्ये प्रेमिला एकटी उरली. सुई पुन्हा बावन्नवर आली होती. तिनं यादी ओढली आणि अकराव्या नावाखाली लिहिलं : रामाजी, कुही, बावन्न किलो. हजर. अक्षर नीट आलं. सुई सावकाश शून्यावर उतरली.

साडेपाचला चंद्रभान परतला. गोपिकाबाईला डब्यात बसवून, गाडी हललेली पाहून आला होता. प्रेमिलाला बरं वाटलं. आता नोकरी गेली तरी चालेल, असंही वाटलं.

सहाला फोन वाजला. मारोतराव. ते ओरडतील म्हणून ती तयार होती, पण ते कुजबुजत होते.

"प्रेमिला... यादीत तू त्या म्हाताऱ्याचं नाव तर नाही लिहिलं? मुंबईहून ट्रंककॉल होता. विमान रिकामं उभं आहे... अन् मागच्या खुर्चीचा पट्टा बांधलेला आहे. कोणाच्यानं सुटत नाही. खुर्ची दबलेली आहे म्हणतात... कोणी बसल्यासारखी. वैमानिक पाय ठेवाले तयार नाही. ते नाव खोड. हात जोडतो."

"नाही खोडत."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. एकदा खोडलं, बस झालं. त्यांना मुंबईलाच जायचं होतं. मुंबई आली म्हणून सांगा, उतरतील."

"सांगितलं वं... तीनदा सांगितलं. आपल्या कोणत्याच माणसावर त्याचा भरवसा नाही..."

लाइनवर खरखर झाली. मारोतरावांचा आवाज दूर गेला, विरला. मग अगदी कानाशी कोणी तरी श्वास घेतला.

"बाई," तो म्हातारा आवाज म्हणाला, "तू सांग."

प्रेमिलानं काउंटरची कड घट्ट धरली. फोन ठेवावा असं तिला एकदाही वाटलं नाही.

"रामाजी," ती म्हणाली, "विमान रद्द झालं होतं. मागच्या वर्षीच. तुम्ही बसल्या जागी, वाट पाहता पाहता गेलात."



"असं काय," आवाज आला. "मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं?"