सुटलेल्या वायरीची रेषा

बिघाड तसा साधा होता. गाडी पेट्रोल जास्त पीत होती आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझत नव्हता. धुरात किती ऑक्सिजन उरला आहे, हे सांगणारा सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर बिघडला असावा, असा माझा अंदाज होता.

आमच्या गॅरेजची रीत ठरलेली. मामांनी आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि मी दाराशी उभा राहून गाडीला जोडलेल्या स्कॅनरच्या पडद्यावरची सेन्सरची रेषा वाचायची. मला लहानाचे मोठे करणाऱ्या या माणसाला दम्याने पोखरले होते. धुरातले काम सोडा, असे डॉक्टरांनी बजावले. मामांनी डॉक्टर सोडला. काम करताना माझा एक कान सदैव त्यांच्या श्वासाकडे असे.

धडधाकट सेन्सरची रेषा भराभर वरखाली होते. ही मात्र सावकाश चढत होती, माथ्यावर जराशी अडखळत होती आणि थरथरत उतरत होती.

"काय रे, लग्नाची मुलगी दाखवली तरी एवढं टक लावून बघणार नाहीस तू!" मामा खिडकीतून म्हणाले.

"सेन्सर सुस्त वाटतोय, मामा. वायर काढून बघतो."

बॉनेटखाली वाकून मी सेन्सरची वायर सोडवली आणि दाराशी परतलो. रेषा आता आडवी, निश्चल व्हायला हवी होती. ती चढली, अडखळली, उतरली.

"इंजिन बंद करा. चावी चालूच राहू द्या."

इंजिन थांबले. तापलेल्या लोखंडाची टिकटिक तेवढी उरली, आणि मामांच्या छातीतली ओळखीची शिट्टी. शिट्टी वाजली की रेषा उतरे. त्यांना खोकल्याची उबळ आली. पडद्यावर काटेच काटे उभे राहिले. ते पाणी प्यायले. घोट घशाखाली जाईपर्यंत रेषा जागच्या जागी थांबली.



"मामा, खाली उतरा. आत्ताच्या आत्ता."

"उतरतो रे बाबा. आधी तो स्कॅनरमधला फॉल्ट पुसून टाक, दिवा विझू दे. गिऱ्हाईक ताटकळलंय."

"नको, त्याला हात नका लावू—"

"मग कधी पुसणार, मी मेल्यावर?" हसत त्यांनी खिडकीतून हात लांबवला आणि स्कॅनरचे बटण दाबले.

पडद्यावर अक्षरे उमटली : दोष नाही.

रेषा खाली आली. आडवी झाली.

शिट्टी थांबली.

मी दार ओढून उघडले. मामा टुणकन उतरले, वाटेतले जड चाक एकट्याने उचलून भिंतीशी ठेवून आले.

"बघ," ते म्हणाले, "आज दमच लागत नाही."

मी त्यांच्या तोंडासमोर तळहात धरला.

"अरे, ही काय चेष्टा? वेडबिड लागलं का तुला?"

शब्द मला स्वच्छ ऐकू येत होते. तळहाताला हवा लागत नव्हती.